संगणकातील इशारे आणि ते झेलणाऱ्या वस्तू

लखनौच्या चारबाग स्थानकाहून कानपूरच्या दिशेने निघालेली गाडी काही मिनिटांतच मानकनगर नावाच्या लहानशा स्थानकावरून पुढे जाते. मानक म्हणजे प्रमाण. भारतीय रेल्वेची आर. डी. एस. ओ. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी संशोधन व मानक संस्था येथे आहे. १९३० साली स्थापन झालेले मध्यवर्ती मानक कार्यालय आणि १९५२ सालचे परीक्षण व संशोधन केंद्र यांच्या एकीकरणातून ती १९५७ मध्ये अस्तित्वात आली. रूळ, डबे, एंजिने व पूल यांच्याबरोबरच सिग्नल कसा असावा, याचेही प्रमाण येथे ठरविले जाते.

रेल्वेचा सिग्नल ही वस्तू आपल्या इतक्या परिचयाची आहे की, तिच्यामागील विचाराकडे सहसा आपले लक्ष जात नाही. धावणारी गाडी जागच्या जागी थांबत नाही. म्हणून स्थानकाच्या मुख्य सिग्नलच्या साधारणतः एक किलोमीटर अलीकडे दुसरा एक सिग्नल उभारलेला असतो. त्याचा पिवळा दिवा चालकाला सांगतो की, पुढे थांबावे लागणार आहे, तयारीस लाग. पिवळा दिवा दिसताच चालक गाडीतून उडी टाकीत नाही, किंवा एंजिनाचे भागही सोडू लागत नाही. तो इशाऱ्याची दखल घेतो, हातातील काम क्रमाने आवरतो आणि योग्य जागी गाडी उभी करतो. इशारा मिळणे व त्यावर कृती होणे या दोन घटनांमध्ये अंतर असते, आणि ते अंतर मुद्दाम ठेवलेले असते.

संगणकाच्या अंतरंगातही सिग्नल असतात. त्यांचा आणि रेल्वेचा संबंध केवळ नावापुरता आहे. परंतु हे अंतर ठेवावयास विसरल्यामुळे संगणकांवर जे अपघात ओढवतात, ते समजून घेण्यास रेल्वेचा दाखला फार उपयोगी पडतो. प्रस्तुत लेखात या सिग्नलना आपण 'इशारे' म्हणू. 'संकेत' हा शब्द अधिक भारदस्त खरा. परंतु संकेत म्हणजे पूर्वी ठरलेली खूण असाही अर्थ मराठीत आहे, आणि 'इशारा' या शब्दात जी आकस्मिकता आहे ती त्यात नाही. येथे तर सारा प्रश्न आकस्मिकतेचाच आहे.

संगणकावर एकाच वेळी शेकडो आज्ञावली चालू असतात. त्यांना आळीपाळीने वेळ देणे, स्मृतीतील जागा वाटून देणे, भांडणे मिटविणे ही कामे करणारी जी मूळ व्यवस्था, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपण तिला चालन प्रणाली म्हणू. चालत्या आज्ञावलीला काही तातडीचे कळवावयाचे असेल, तर ही प्रणाली तिला एक इशारा पाठविते. इशारा म्हणजे केवळ एक लहानसा अंक असतो. २ या अंकाचा अर्थ, माणसाने कळफलकावरून 'थांब' अशी आज्ञा दिली आहे. १४ म्हणजे तू लावलेला गजर वाजला. १५ म्हणजे आता आवरते घे. ११ म्हणजे तू परक्या स्मृतीला हात लावलास.

ही पद्धत युनिक्स या चालन प्रणालीतून आली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये तिची पायाभरणी केली, आणि आजची लिनक्स प्रणाली याबाबतीत तिचाच वारसा चालविते. १ क्रमांकाच्या इशाऱ्याचे नाव तर अजूनही 'हँग अप', म्हणजे टेलिफोन खाली ठेवला, असेच आहे. कारण त्या काळी दूरवरचा माणूस टेलिफोनच्या तारेवरून संगणकाशी जोडलेला असे, आणि तार तुटली की आज्ञावलीला तसे कळवावे लागे. आता तार नाही, टेलिफोनही नाही. तरीही अनेक आज्ञावली हा इशारा मिळताच आपल्या नियमांची यादी पुन्हा वाचून घेतात. इशारा पाठविणाऱ्या आज्ञेचे नाव मात्र 'किल' असे ठेवले गेले. भाषांतरकाराने त्याचे 'ठार मार' असे रूपांतर केल्यास वाचकाची दिशाभूल होईल, कारण या आज्ञेने केवळ इशारा जातो, आणि काही अंक सांगितला नसेल तर तो १५ म्हणजे 'आवरते घे' हाच असतो.

इशारा मिळाल्यावर काय करावयाचे हे आज्ञावली आधीच सांगून ठेवू शकते. न सांगितल्यास बहुतेक इशाऱ्यांचा परिणाम एकच होतो : आज्ञावली तत्क्षणी संपते. सांगून ठेवण्याची रीत अशी की, आज्ञावलीतील एखाद्या फंक्शनचा पत्ता चालन प्रणालीजवळ नोंदवावयाचा. इशारा आला की प्रणाली चालू काम आहे तेथे थांबविते, त्या पत्त्यावरील फंक्शन चालविते, आणि ते संपले की थांबलेले काम पुढे सुरू करून देते. दोनच इशारे असे आहेत की, त्यांच्यासाठी कोणतेही फंक्शन नोंदविता येत नाही. त्यांपैकी एक ९ क्रमांकाचा. तो आला की आज्ञावलीला शेवटचा शब्दही उच्चारता येत नाही.

'आहे तेथे थांबविते' हे शब्द वाचकांनी नीट ध्यानात घ्यावेत. रेल्वेचा चालक सिग्नलकडे पाहण्यासाठीच बसलेला असतो. आज्ञावलीचे तसे नाही. इशारा तिच्या कोणत्याही दोन सूचनांच्या मध्ये येऊन पडतो, आणि मनुष्याला एक दिसणारे काम यंत्राच्या पातळीवर अनेक सूचनांचे बनलेले असते.

आता वस्तूंकडे वळू. नॉर्वेतील ओले-योहान दाल व क्रिस्टेन नीगोर यांनी १९६० नंतरच्या दशकात सिम्युला नावाची भाषा तयार केली. तिच्यातून आज्ञावली रचण्याची एक निराळी दृष्टी पुढे आली. माहिती एकीकडे व तिच्यावरील क्रिया दुसरीकडे असे न ठेवता, दोन्ही मिळून एक 'वस्तू' करावयाची. वस्तूच्या आतील माहितीला बाहेरच्या कोणी हात लावावयाचा नाही. जे काही करावयाचे ते त्या वस्तूच्याच क्रियांना सांगून करवून घ्यावयाचे. डेन्मार्कमध्ये जन्मलेले ब्यार्ने स्ट्रूस्ट्रप यांनी १९७९ पासून हीच कल्पना सी या भाषेत आणली. त्या भाषेला १९८३ मध्ये सी प्लस प्लस हे नाव मिळाले. अशा आज्ञावलीला कोणी 'वस्तुनिष्ठ' म्हणतात. पण वस्तुनिष्ठ शब्दाला मराठीत निराळा, आणि चांगला रुळलेला, अर्थ आहे. म्हणून येथे 'वस्तुप्रधान' हा शब्द योजला आहे.

एक उदाहरण घेऊ. शयनयानाच्या एका डब्यात ७२ जागा आहेत असे धरू. आरक्षणाच्या एखाद्या आज्ञावलीत 'डबा' नावाची वस्तू आहे अशी कल्पना करा. तिच्या पोटात दोन आकडे आहेत : शिल्लक जागा आणि दिलेल्या जागा. दोहोंची बेरीज सदैव ७२ भरली पाहिजे. ही त्या वस्तूची प्रतिज्ञाच म्हणावयाची. 'जागा दे' ही क्रिया शिल्लक आकड्यातून एक वजा करते, आणि मग दिलेल्या आकड्यात एक मिळविते. क्रिया सुरू होण्यापूर्वी प्रतिज्ञा खरी असते, क्रिया संपल्यावरही खरी असते. मधल्या एका क्षणी मात्र ती मोडलेली असते. बाहेरच्या जगाला हा क्षण दिसत नाही, कारण वस्तूच्या भिंती आड असतात. वस्तुप्रधान रचनेचा सारा भरवसा या भिंतींवर आहे.

आणि नेमक्या त्याच क्षणी १५ क्रमांकाचा इशारा येतो. शिल्लक ७१ झाली आहे, दिलेल्या जागा अजून शून्य आहेत. इशाऱ्यासाठी नोंदविलेले फंक्शन जागे होते. आवरते घ्यावयाचे म्हणून ते डब्याची स्थिती तबकडीवर लिहून ठेवते आणि आज्ञावली संपविते. तबकडीवर ७१ आणि शून्य. एक जागा कोठेच नाही. खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हाती तिकीट पडले असेल वा नसेल. दोन्ही प्रकारांत वहीचा मेळ बसणार नाही. हा दोष चाचणीत सापडण्याची शक्यताही अत्यल्प, कारण तो एका निमिषाच्या फटीत आहे. हजारदा चालवून पाहिले तरी इशारा त्या फटीत पडेलच असे नाही. गर्दीच्या दिवशी, लाखो तिकिटांच्या रगाड्यात तो कधीतरी पडतो.

यावर कोणी म्हणेल की, वस्तूला कुलूप लावावे : एक क्रिया चालू असता दुसरीने आत यावयाचे नाही. दोन स्वतंत्र कामगार असतील तेथे हा उपाय उत्तम आहे. येथे तो घातक ठरतो. कुलूप लावून आत काम करीत असलेल्या माणसालाच इशाऱ्याने दाराबाहेर ओढून आणले आहे, आणि आता तोच दार उघडण्याची वाट पाहत उभा आहे. आत दुसरे कोणी नाही. दार कधीच उघडणार नाही, आणि आज्ञावली आहे त्या स्थितीत गोठून राहील.

वस्तुप्रधान आज्ञावलीसमोर आणखी एक अडचण असते, आणि नवशिक्याला प्रथम तीच भेटते. चालन प्रणालीला केवळ फंक्शनचा पत्ता समजतो. वस्तू ही कल्पना तिच्या गावीही नाही. 'जागा दे' म्हटले की कोणत्या डब्याची जागा, हे सांगावेच लागते. वस्तूच्या प्रत्येक क्रियेला 'मी कोणाची' हे सांगणारा एक अदृश्य पत्ता सोबत लागतो. प्रणाली इशारा देताना आपल्याजवळचा अंक तेवढा देते; हा पत्ता ती कोठून देणार? म्हणून एखाद्या वस्तूची क्रिया इशाऱ्यासाठी नोंदवू गेल्यास सी प्लस प्लस भाषेचा कंपायलर तेथेच अडवितो. त्याचे अडविणे योग्यच असते.

यातून काढलेली वाट अशी. कोणत्याही एका वस्तूची नसलेली, साऱ्या वर्गाच्या मालकीची अशी एक क्रिया घ्यावयाची. तिला अदृश्य पत्ता लागत नाही, म्हणून ती प्रणालीजवळ नोंदविता येते. सी भाषेच्या धर्तीचे साधे फंक्शन ठेवल्यास उत्तमच. भाषेच्या नियमांच्या दृष्टीने ते अधिक निर्धोक. ही झाली देवडीवरची पहारेकरीण. तिच्याजवळ एक यादी असते : या अंकाचा इशारा आला तर त्या वस्तूला कळवावे. पहारेकरीण यादीत पाहते आणि त्या वस्तूच्या 'इशारा झेल' या क्रियेला हाक मारते. कोणत्या वर्गाची वस्तू आहे हे तिला ठाऊक असण्याचे कारण नाही. झेलणे कसे हे प्रत्येक वर्ग आपले आपण ठरवितो. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात डग्लस श्मिट यांनी १९९० नंतरच्या दशकात ही रचना नीट मांडली, आणि 'एस' या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सी प्लस प्लस संग्रहात ती वापरावयास मिळते.

ही रचना देखणी आहे यात शंका नाही. परंतु मला वाटते, तिच्या देखणेपणातच एक मोह दडलेला आहे. पहारेकरणीने हाक मारली आणि वस्तूची क्रिया सुरू झाली, की ती लिहिणाऱ्याला आपण निवांत आपल्या घरात आहोत असे वाटू लागते. मग तो तेथे नवी स्मृती मागतो, कुलपे लावतो, दैनंदिनीत नोंद करतो. वस्तुतः तो अजून देवडीवरच उभा असतो, आणि घरातील काम अर्ध्यावर पडलेले असते.

या मोहाची किंमत किती असू शकते, याचे एक अलीकडचे व सर्वतोमुखी झालेले उदाहरण आहे. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे प्रवेश करून देणारी ओपन-एस-एस-एच नावाची आज्ञावली जगभर वापरात आहे. ओपन-बी-एस-डी प्रकल्पाच्या मंडळींनी ती १९९९ मध्ये तयार केली. बाहेरून कोणी दार ठोठावले की ती त्याला ओळख पटविण्यासाठी ठराविक अवधी देते. सामान्यतः १२० सेकंद. अवधी संपला की गजराचा, म्हणजे १४ क्रमांकाचा, इशारा येतो. तो झेलणारे फंक्शन काय करीत असे? 'अमुक ठिकाणाहून आलेला मनुष्य वेळेत ओळख देऊ शकला नाही' अशी दैनंदिनीत एक नोंद. दिसावयास किती निरुपद्रवी!

परंतु दैनंदिनीत नोंद करणारे ते फंक्शन आतून स्मृतीच्या कोठारात जागा मागत असे. कोठार सांभाळणाऱ्याची एक वही असते : कोणती कणगी रिकामी, कोणती भरलेली. आज्ञावलीचे मुख्य काम नेमके कोठारातून जागा घेत असता, वहीतील एक ओळ खोडली आहे व दुसरी लिहावयाची आहे, अशा वेळी गजर वाजला तर? तोच मनुष्य वही तशीच उघडी टाकून देवडीवर येतो, आणि तेथून पुन्हा त्याच अर्धवट वहीत दुसरी नोंद करू लागतो. वही बिघडते. अशी बिघडलेली वही चतुर चोराला पुष्कळ उपयोगी पडते. ती कशी बिघडावी हे त्याने आधी योजून ठेवले, तर अखेर संगणकाची सर्वाधिकाराची किल्ली त्याच्या हाती येऊ शकते.

हा दोष २००६ मध्येच मार्क डाउड यांच्या लक्षात आला होता, आणि त्याच वर्षी तो दूरही करण्यात आला : इशारा झेलताना धोक्याची नोंद करावयाची नाही, अशी एक अट त्या जागी घालण्यात आली. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये दैनंदिनीच्या व्यवस्थेची फेररचना करताना ती अट नजरचुकीने गळली. मार्च २०२१ मध्ये निघालेल्या ८.५ या आवृत्तीपासून दोष पुन्हा जिवंत झाला, आणि तीन वर्षांहून अधिक काळ कोणाच्या ध्यानात आला नाही. क्वालिस या संगणक-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी तो शोधला, व १ जुलै २०२४ रोजी तो दुरुस्तीसह जाहीर झाला. या कंपनीचे एक मोठे कार्यालय आपल्या पुण्यात आहे, हे मराठी वाचकांना सांगावयास हरकत नाही. इंटरनेटवर उघडे असलेले व या दोषाची शक्यता असलेले संगणक १ कोटी ४० लाखांहून अधिक असावेत, असा त्या वेळी अंदाज देण्यात आला होता.

फट किती अरुंद होती, याचाही हिशेब संशोधकांनी दिला आहे. ३२ बिटांच्या लिनक्स प्रणालीवर केलेल्या त्यांच्या प्रयोगांत नेमका तो क्षण गाठण्यासाठी सरासरी दहा हजार प्रयत्न करावे लागले. दर १२० सेकंदांना शंभर प्रयत्न करता येत, म्हणजे तीन-चार तास. आणि स्मृतीतील पत्त्यांचा अंदाज निम्म्या वेळाच बरोबर येत असल्यामुळे एकंदरीत सहा ते आठ तास. माणसाला हे कंटाळवाणे वाटेल, यंत्राला कंटाळा येत नाही. दहा हजारांत एकदा घडणारी गोष्ट एका रात्रीत घडवून आणता येते, हे या आकड्यांवरून दिसते. खुद्द ओपन-बी-एस-डी प्रणालीवर मात्र हा धोका नव्हता. इशारा झेलताना वापरण्याजोगी, कोठाराला न शिवणारी अशी दैनंदिनीची निराळी सोय त्या मंडळींनी २००१ मध्येच करून ठेविली होती.

ही आज्ञावली सी भाषेतील आहे, वस्तुप्रधान नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. मात्र वस्तुप्रधान आज्ञावली त्यामुळे निर्धास्त ठरत नाही. तेथे धोका अधिक खोल दडतो, एवढेच. वस्तूच्या एका क्रियेला हाक मारली की ती आतून आणखी कोणाकोणाला हाका मारते, हे न दिसणे हाच तर त्या रचनेचा गुण. अक्षरांची एक ओळ दुसरीला जोडली, तरी पडद्याआड कोठारात जागा मागितली जाते. सी प्लस प्लसमध्ये संकट आले की अपवादाची आरोळी ठोकून वरच्या पातळीवर निघून जाण्याची सोय आहे. इशारा झेलताना ती आरोळी फंक्शनाबाहेर जाऊ देणे नियमबाह्य आहे.

१९८८ मध्ये ठरलेल्या पॉझिक्स नावाच्या प्रमाणग्रंथाने या अराजकाला पुष्कळ आवर घातला. त्यापूर्वीच्या युनिक्समध्ये तर एक इशारा झेलला की नोंदवलेले फंक्शन आपोआप पुसले जाई, व पुन्हा नोंदवेपर्यंत दुसरा इशारा आल्यास आज्ञावली मरून पडे. बर्कली येथील १९८३ च्या आवृत्तीने हा प्रकार सुधारला, आणि पुढे प्रमाणग्रंथाने तोच मार्ग सर्वांसाठी खुला केला. इशारा झेलताना कोणती फंक्शने वापरल्यास धोका नाही, याची यादीही प्रमाणग्रंथात आहे. ती फार मोठी नाही. उघड्या असलेल्या नळीत काही बाइट लिहिणे तिच्यात आहे. पडद्यावर नीटनेटके वाक्य छापणे, किंवा कोठारात जागा मागणे, नाही.

तेव्हा देवडीवर करावे तरी काय? फक्त नोंद. एक झेंडा उभारून ठेवावा : 'इशारा आला आहे.' हा झेंडा अशा जातीचा असावा लागतो की, तो अर्धवट उभारला गेला असे कधी होऊ नये. सी भाषेत त्यासाठी खास प्रकार ठरवून दिलेला आहे. मुख्य आज्ञावली आपल्या फेऱ्याच्या प्रत्येक आवर्तनात झेंड्याकडे पाहते, आणि एकही वस्तू अर्धवट उघडी नसेल अशाच जागी इशाऱ्यावर कृती करते. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांनी १९२६ मध्ये ज्या लखनौत संगीत महाविद्यालय स्थापन झाले, त्या नगरीत हे समजावून सांगण्यास फार शब्द लागू नयेत. बैठकीत कोणी खूण केली म्हणून गवई तान मध्येच टाकीत नाही. खूण त्याला कळलेली असते. तो समेवर येतो, आणि मग थांबतो.

झेंड्यात एक उणीव आहे. मुख्य आज्ञावली पुष्कळदा कोणाच्या तरी येण्याची वाट पाहत निजलेली असते. तिने झेंडा पाहिला, खाली होता. ती निजू लागली. आणि तेवढ्यात झेंडा वर झाला. आता तिला कोणी उठवीपर्यंत इशारा तसाच पडून राहील. यावर डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९० च्या सुमारास एक साधी युक्ती सुचविली. आज्ञावलीने स्वतःकडेच येणारी एक नळी उघडावी. इशारा झेलणाऱ्या फंक्शनने नळीत एक बाइट टाकावा व परत फिरावे. मुख्य आज्ञावली ज्या अनेक दारांवर कान देऊन निजलेली असते, त्यांतच या नळीचे दुसरे तोंड ठेवावे. बाइट आला की ती जागी होते आणि, एखादा प्रवासी खिडकीशी आल्यासारखाच, इशाराही रांगेत घेते. लिनक्सने २००७ मध्ये, २.६.२२ या आवृत्तीत, हे काम स्वतःकडेच घेतले : तेथे इशारा थेट अशा नळीतून वाचता येतो, आणि देवडीवरचे फंक्शन मुळी लागतच नाही. पायथॉन या भाषेने हा विवेक भाषेतच बसवून टाकला आहे. तिच्या पोटातील फंक्शन झेंडा तेवढा उभारते, आणि आपण लिहिलेली क्रिया नंतर, भाषेच्या दोन सूचनांच्या मध्ये, मुख्य धाग्यावर चालविली जाते.

युक्ती साधी असली तरी काही बारकावे सांभाळावे लागतात. नळी तुडुंब भरली असता फंक्शनने तेथे वाट पाहत बसता कामा नये, नाही तर पुन्हा तेच कुलूप आणि तोच माणूस. म्हणून ती न थांबविणारी करून ठेवावयाची. शेवटच्या चुकीचा क्रमांक जेथे लिहिलेला असतो ती जागा फंक्शनने आत येताना पाहून ठेवावी व जाताना पूर्ववत करावी. अन्यथा थांबलेल्या कामाला आपल्या चुकीऐवजी पहारेकरणीची चूक वाचावयास मिळेल. आणि एकाच अंकाचे तीन इशारे लागोपाठ आले तर त्यांची रांग लागत नाही. पहिला पोहोचण्यापूर्वी आलेले बाकीचे त्यातच विरून जातात. दारावरची घंटा वाजली एवढे कळते, किती जण आले ते दार उघडून मोजावे लागते. मूल-आज्ञावली संपल्याचा इशारा झेलताना पुष्कळ जण येथे फसतात, आणि एक इशारा म्हणजे एक मूल असे धरून चालतात.

हे सारे जुळले म्हणजे वस्तूंची भिंत पुन्हा अभंग होते. पहारेकरीण बाइट टाकून मोकळी. मुख्य फेरा बाइट वाचतो, यादीत पाहतो, आणि 'डबा' या वस्तूला नेहमीच्याच रीतीने हाक मारतो. त्या वेळी शिल्लक व दिलेल्या जागांची बेरीज ७२ असते, कारण 'जागा दे' ही क्रिया एक तर सुरू झालेली नसते, किंवा पुरी झालेली असते. आता कोठारात जागा मागावी, दैनंदिनीत लिहावे, अपवादाची आरोळीही ठोकावी. काही बिघडत नाही.

राहिला तो शेवटचा प्रवास. १५ क्रमांकाचा इशारा न झेलता आज्ञावली मेली, तर सी प्लस प्लसमधील वस्तूंच्या आवरून घेण्याच्या क्रिया चालतच नाहीत; उघड्या वह्या उघड्याच राहतात. तो नळीतून घेतला, तर फेरा नवे गिऱ्हाईक घेणे बंद करतो, खिडकीशी असलेल्याचे काम पुरे करतो, आणि फेऱ्यातून बाहेर पडतो. मग वस्तू ज्या क्रमाने जन्मल्या त्याच्या उलट क्रमाने एकेक आवरल्या जातात : आधी डबे, मग दैनंदिनी, सर्वांत शेवटी नळी. यासाठी हाती असलेला वेळ मर्यादित असतो. आजच्या पुष्कळ लिनक्स संगणकांवर, निराळे काही सांगितले नसेल तर, तो ९० सेकंद आहे. तेवढ्यात आज्ञावली आवरली नाही, तर चालन प्रणालीकडून ९ क्रमांकाचा इशारा येतो, आणि तो झेलण्यासाठी कोणतीही वस्तू पुढे करता येत नाही.